कूलरचं कव्हर आणि वस्तीतली शिलाई मशीन: प्रकल्प नोंदी

२ मार्च

प्रकल्प काय आहे ते आधी लिहून ठेवतो. घरचा कूलर पाऊस लागला की बंद होतो आणि पुढचा मार्च येईपर्यंत गॅलरीत उभा राहतो, त्याच्यावर धूळ, कबुतरं, पावसाचे शिंतोडे, आणि बाजारात मिळतं ते पातळ प्लास्टिकचं कव्हर ऑक्टोबरच्या उन्हातच कडक होऊन चिरायला लागतं. म्हणून जाड कापडाचं, पेटीच्या आकाराचं, चार-पाच वर्षं टिकेल असं कव्हर शिवायचं, आणि ते स्वतः शिवायचं. डेडलाइन म्हणजे जूनचा मध्य, कारण आपल्याकडे नागपुरात पाऊस साधारण तेव्हाच येतो.

मशीन घरी नाही आणि घ्यायचीही नाही. वस्तीतल्या समाजभवनाच्या वरच्या मजल्यावर सामायिक शिलाई स्टुडिओ आहे, महिन्याची वर्गणी भरायची, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची आणि येऊन शिवायचं. दोन काळ्या पायडलच्या मशीन, एक घरगुती मोटरवाली, एक जुकीची पॉवर मशीन, एक ओव्हरलॉक (कापडाची कापलेली कड दोऱ्याने बंद करणारी), एक पिकोची. कटिंगचं मोठं टेबल खिडकीजवळ आहे, उजेड चांगला. येणाऱ्या बहुतेक बायका आहेत, कोणी ब्लाउज शिवून घर चालवते, कोणी फॉल-पिको करते, दोन कॉलेजच्या मुली स्वतःचे कुर्ते शिवतात. काकू सगळं बघतात. त्यांनी बरीच वर्षं रेडिमेडच्या युनिटमध्ये लाइनवर काम केलंय आणि त्यांचा हात मशीनवर पडला की मशीनचा आवाजच बदलतो, हे मी आज स्वतः ऐकलं.

९ मार्च

दोरा न ओवता शिवायचं, हा इथला पहिला धडा. वहीचा रेघांचा कागद फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, घ्यायचा आणि रेघेवर सुईची भोकं पाडत जायचं. काकू म्हणाल्या, "घाई कायले करून राहिला, आधी पाय बसू दे."

पाय बसणं म्हणजे काय ते पायडलवर बसल्याशिवाय कळत नाही. दोन्ही तळवे पायडलवर, एक जरा पुढे एक जरा मागे, टाच आणि चवडा आळीपाळीने दाबायचे. सुरुवात मात्र हाताने, वरचं चाक स्वतःकडे फिरवून द्यायचं आणि लगेच पायाने ती लय पकडायची. चाक उलटं गेलं तर दोरा अडकतो आणि तुटतो, म्हणून ही सवय दोरा नसतानाच लावतात, माझ्या मते फार शहाणपणाची पद्धत आहे, कारण डोळे कापडाकडे असताना पायाला आपोआप समजलं पाहिजे.

सरळ रेघ, मग नागमोडी, मग चौकोन. कोपरा आला की सुई कागदात खाली ठेवूनच थांबायचं, फूट उचलायचा, कागद फिरवायचा, फूट टाकायचा, पुढे जायचं. माझ्या कव्हरला वर चार कोपरे आहेत म्हणून मी चौकोनांवरच जास्त वेळ दिला. सुई वर असताना कागद फिरवला तर कोपरा गोल होतो, भोकं बघून लगेच दिसतं. आणि नजर सुईवर नाही ठेवायची, फूटच्या कडेवर ठेवायची, कागदाची कड फूटच्या कडेला लागून चालली की अंतर आपोआप सारखं राहतं.

१६ मार्च

आजची नोंद मोठी होणार कारण आज टाका कसा पडतो ते डोळ्यांनी बघितलं. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला माणूस, गिअर आणि कॅम पाहत आलोय, तरी हे बघून थक्क झालो.

वरचा दोरा लाल ओवला, बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, पांढरा भरला, फूटखाली मांजरपाटाचा तुकडा घेतला, प्लेटजवळची सरकती पट्टी उघडी ठेवली आणि चाक अगदी सावकाश हाताने फिरवलं. सुई कापडातून खाली जाते, शेवटच्या टोकाला पोचते आणि तिथून दोनेक मिलिमीटर वर यायला लागते. सुई वर निघते पण दोरा कापडात धरला गेलेला असतो, त्यामुळे सुईच्या मागच्या बाजूला तो फुगतो आणि छोटासा फास तयार होतो. नेमक्या त्याच वेळेला शटलचं, म्हणजे खाली फिरणाऱ्या आकड्याचं, टोक येऊन त्या फासात शिरतं, फास ओढून मोठा करतं, अख्ख्या बॉबिन केसवरून फिरवून आणतं आणि सोडून देतं. मग वरची दोऱ्याची दांडी झटक्यात वर जाऊन उरलेला सगळा सैल दोरा खेचून घेते. लाल आणि पांढरा एकमेकांत अडकतात ते कापडाच्या जाडीच्या मधोमध. तोवर खालचे दाते वर येऊन कापड एक टाकाभर पुढे सरकवतात. हे सगळं एका फेऱ्यात, आणि एका टाक्यासाठी.

म्हणजे वरचा दोरा खालच्या दोऱ्याच्या अख्ख्या साठ्याला वळसा घालून येतो. म्हणूनच बॉबिन इतकी छोटी असते, तिच्यावरून फास गेला पाहिजे. शिवण सारखी थांबवून बॉबिन का भरावी लागते असं वाटायचं, त्याचं उत्तर मिळालं.

आणि सुईचं भोक टोकाला असणं, यावर सगळा खेळ आहे. हातशिलाईच्या सुईला भोक मागे असतं, पूर्ण सुई कापडातून पलीकडे काढावी लागते. भोक टोकाशी नेल्यावर सुई अर्धवट जाऊन परत येऊ शकते आणि खाली फास सोडू शकते. एलियास हाव या अमेरिकन माणसाने टोकाला भोक असलेली सुई आणि खालचं शटल यांच्या जोडीवर १८४६ मध्ये पेटंट घेतलं, सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि आपल्या घराघरात दिसणारी उषा १९३० च्या दशकात कोलकात्यात बनायला लागली. मधल्या काळात मोटर आली, झिगझॅग आला, कॉम्प्युटर आला, पण आज या हॉलमधली काळी मशीन आणि ती जुकी, दोघीही टाका हाच घालतात.

काकूंना मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो तर त्या म्हणाल्या, "हे कळलं ना, मग अर्धी रिपेअरिंग तुले आली." त्या असं सहज म्हणत नाहीत.

२३ मार्च

तेल आणि सुई. मशीनचं तेल पांढरं पातळच हवं, खोबरेल नाही, मोहरीचं नाही, ते काही महिन्यांत चिकट होऊन सांध्यात धरतं आणि मग मशीन जड चालते. तेल घातल्यावर चिंधीवर दोन-चार ओळी मारायच्या म्हणजे जादाचं तेल कापडावर डाग पाडणार नाही.

सुईचे नंबर: ९ आणि ११ पातळ कापडाला, १४ साध्या सुती कापडाला, १६ जीन्सला, १८ कॅनव्हासला. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. सुईच्या एका बाजूला उभी लांब खाच असते, शेवटच्या कडीतून दोरा ज्या बाजूने सुईत येतो त्या बाजूला ती खाच ठेवायची. घरगुती सुईला दांड्यावर सपाट बाजू असते म्हणून ती उलटी बसायची भीती कमी, जुकीच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असतो, तिथे खाच बघूनच बसवावी लागते. दोन्हीच्या सुया वेगळ्या, एकमेकींत चालत नाहीत, डबे वेगळे ठेवलेत.

६ एप्रिल

आज खिडकीजवळच्या काळ्या मशीनवर बसलो, दोन पदरी मांजरपाटावर ओळ मारली, वरून छान दिसली आणि उलटून बघितलं तर खाली दोऱ्याचे नुसते घोळ. शेजारच्या ताई म्हणाल्या बॉबिन खराब असेल. काकू आल्या, कापड उलटून एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बॉबिनले हात लावू नको. खाली घोळ आहे म्हणजे दोष वरच्या दोऱ्याचा."

हे लिहून ठेवण्यासारखं आहे. वरच्या दोऱ्याला पुरेसा ताण नसला की दांडी तो पूर्ण खेचून घेऊ शकत नाही आणि तो खालीच लोंबतो. उलट, वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसायला लागला तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिन केसचा कमी आहे. म्हणजे जिथे दोष दिसतो त्याच्या पलीकडच्या बाजूला शोधायचं.

मग क्रमाने गेलो. फूट वर करून दोरा पूर्ण काढला आणि नव्याने ओवला, कारण फूट वर असला तरच टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मधे बसतो, फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या वरूनच निघून जातो. घोळ थोडे कमी झाले. सुई काढून बघितली तर १८ नंबरची, कोणीतरी दप्तर शिवलं असणार. १४ ची लावली. बॉबिन केस दोऱ्याने धरून लोंबकळती सोडली, आपोआप खाली घसरली नाही, हलका झटका दिल्यावर बोटभर उतरली, म्हणजे ती ठीक. शेवटी वरचं टेन्शनचं बटण बघितलं, तेही दप्तराच्या जाड दोऱ्यासाठी ढिलं केलेलं होतं. थोडं थोडं आवळत प्रत्येक वेळी ओळ मारून उलटून बघितली, टाका दोन्ही बाजूंनी सारखा झाला.

ज्या कोणी दप्तर शिवलं त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांच्या कापडाला तीच सेटिंग बरोबर होती. पण सामायिक मशीनचा प्रश्न हाच आहे. घरच्या मशीनवर आपण काल काय केलं ते आपल्याला माहीत असतं, इथे सकाळी ब्लाउजचं अस्तर, दुपारी दप्तर, संध्याकाळी पडदा, आणि प्रत्येक जण बसतो तेव्हा मशीन कोणत्या अवस्थेत आहे हे त्याला माहीतच नसतं. नव्या माणसाला वाटतं मशीन खराब आहे किंवा मला जमत नाही, आणि तो सोडून देतो. मला हे मनापासून लागलं. शिकायला आलेला माणूस या कारणाने परत जाऊ नये.

मी सुचवलं की प्रत्येक मशीनला एक वही बांधू, सुई नंबर, दोरा, टाक्याची लांबी, सगळं लिहायचं. काकू म्हणाल्या लिहिन कोण, बायकांची पोरं शाळेतून यायची वेळ झालेली असते. मग त्यांनीच सांगितलं की युनिटमध्ये असताना त्या काय करायच्या. उठताना ज्या कापडावर काम केलं त्याचा दुपदरी तुकडा, त्यावर एक ओळ मारलेली, फूटखाली तसाच ठेवून उठायचं. पेनाने त्यावर सुईचा नंबर. पुढची बाई बसली की तो तुकडा उलटून बघते आणि तिला सगळं समजतं, कापड किती जाड होतं, दोरा कोणता, टाका किती लांब, ताण बरोबर होता की नाही. शिवाय रिकाम्या मशीनमध्ये दाते फूटवर घासत नाहीत.

माझ्या वहीपेक्षा हे शंभर पटीने चांगलं. आजपासून सगळ्यांनी करायचं ठरलं. कात्रणांचा डबा प्रत्येक मशीनजवळ ठेवला.

१० एप्रिल

आज माझी वेळ नव्हती, मदतीला गेलो होतो. १४ एप्रिल जवळ आली, स्टुडिओत निळ्या झेंड्यांचं काम चालू आहे, गल्ल्यांसाठी, घरांसाठी, संविधान चौकात जाणाऱ्या पोरांच्या गाड्यांसाठी. सॅटिनसारखं पातळ कापड, ११ ची सुई, टाका बारीक, कड दोनदा दुमडून. पातळ कापड सुरुवातीला प्लेटच्या भोकात ओढलं जातं, त्यासाठी दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची आणि पहिले दोन-तीन टाके चाक हाताने फिरवून घालायचे. मी कडा दुमडून टाचण्या लावायचं काम केलं, आणि नंतर एका ताईंनी स्वतःहून काही झेंडे माझ्याकडे शिवायला दिले. जयंतीचा झेंडा आपल्या हातचा, हे समाधान वेगळं आहे.

त्या काळ्या मशीनवर बसताना फूटखाली निळा तुकडा होता, त्यावर ११ लिहिलेलं.

२७ एप्रिल

खरेदी. मेट्रोने अग्रसेन चौकाला उतरलो, तिथून गांधीबाग आणि इतवारी पायी. उन्हामुळे सकाळीच गेलो, दुकानं उघडायच्या वेळेला. गांधीबागेत होलसेलची गर्दी, मला हवं होतं ते जाड कॅनव्हास इतवारीत तिरपाल विकणाऱ्या दुकानात मिळालं, पन्ना ५४ इंच, तीन मीटर घेतलं. वरच्या भागासाठी पाणी न झिरपणारं रेग्झिन, एक मीटर. दोरा घेताना दुकानदार भाऊंनी चांगलं समजावलं, रिळावरचा तिकीट नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, नेहमीच्या शिलाईचा १२० असतो, जाड कामाला ४० च्या आसपासचा बघायचा. दोरा पॉलिस्टरचाच घेतला, सुती दोरा उन्हा-पावसात लवकर कुजतो.

घरी आल्या आल्या कॅनव्हास बादलीत बुडवून ठेवलं. कोरं कापड पाण्यात आकसतं, शिवून झाल्यावर आकसलं तर कव्हर कूलरवर चढणार नाही, म्हणून आधीच आकसू द्यायचं. रात्री दोरीवर टाकलं, सकाळी सहालाच कोरडं, एप्रिलच्या नागपूरचा हा एक फायदा. लांबीत दोन-अडीच इंच कमी झालं.

काकूंना तुकडा दाखवला, त्यांनी बोटात धरून विणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या उभा दोरा मजबूत आहे. त्यांचे सासरे एम्प्रेस मिलमध्ये विणकाम खात्यात होते, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरातली सगळी कामं मिलच्या भोंग्यावर चालायची. जमशेदजी टाटांची ही मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आसपासच्या कापसाच्या भरवशावर, आणि मुंबई सोडून नागपूर निवडलं म्हणून तेव्हा लोकांनी त्यांना नावं ठेवली होती. आज त्या जागेवर मॉल आहे. या शहरात कापड बोटाने वाचणारी माणसं अजून आहेत, काकूंसारखी, आणि त्यांच्याकडून शिकायला मिळतंय याची मला किंमत आहे.

११ मे

जुकीवर बसलो. मशीनच्या कागदावर कमाल वेग मिनिटाला ५,५०० टाके लिहिलाय, म्हणजे सेकंदाला नव्वदच्या वर. आपल्या स्टुडिओत सर्वो मोटर लावली आहे, तिचा वेग खाली बांधून ठेवता येतो आणि पाय दाबला तरच ती फिरते, जुन्या क्लच मोटरसारखी सतत गुणगुणत बसत नाही, विजेचं बिलही कमी. काकूंनी वेग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून दिला. गुडघ्याने फूट उचलायची दांडी आहे, त्यामुळे दोन्ही हात कापडावरच राहतात, ही सोय फार आवडली.

उशांचे अभ्रे शिवले, सराव म्हणून. फ्रेंच शिवण: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर शिवायचं, कड कापायची, उलटवायचं आणि पुन्हा शिवायचं, म्हणजे सुटे दोरे आतच बंद होतात. ओव्हरलॉकची वाट बघत बसावं लागत नाही. आई अभ्र्यावर खूश आहे.

२५ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू. हॉल सकाळी सात ते दहाच उघडा, नंतर पत्र्यामुळे बसवत नाही. आज फक्त माप आणि कटिंग, ते टेबलावर जमतं.

कूलर रुंदी २६, खोली २२, उंची ४० इंच. चढवायला सोपं जावं म्हणून एकेक इंच वाढवला, २७ आणि २३. उंची मात्र ३६ च ठेवली, खालून चार इंच उघडं, कारण पूर्ण झाकलं तर पावसाळ्यात आत ओल कोंडते आणि पत्र्याला गंज लागतो. वरचा तुकडा, शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच धरून, २८ बाय २४. बाजूचे चार वेगळे तुकडे कापायचे की एकच लांब पट्टा गुंडाळायचा यावर काकूंशी बरंच बोलणं झालं. मी पट्ट्याच्या बाजूने, कारण चार उभ्या शिवणींऐवजी एकच येते आणि प्रत्येक शिवण म्हणजे पाण्याला भोकांची एक रांग. काकूंना पटलं. दोन वेळा २७ आणि दोन वेळा २३ म्हणजे १००, अधिक शिवणीचे दीड, साडेएकशेएक इंच लांब. उंची ३६, वर अर्धा, खाली दुमडायला दोन, साडेअडतीस. ५४ च्या पन्न्यात उंची आरामात बसली आणि उरलेल्या पट्टीतून पिशवी निघेल.

खडूने दोन्ही टोकांपासून पाऊण पाऊण इंच सोडून २७, २३, २७, २३ अशा खुणा केल्या, या खुणांवर वरच्या तुकड्याचे कोपरे येणार.

१ जून

उभी शिवण झाली. डबल शिलाई: एका बाजूची कड अर्धी कापून लहान करायची, दुसरी तिच्यावर दुमडून आतमध्ये बंद करायची आणि वरून पुन्हा शिवायची. जीन्सच्या पायाला असते तीच. ताकदही जास्त आणि पाणीही कमी झिरपतं.

रेग्झिनचा त्रास वेगळा. फूट त्याला चिकटतो, दाते खालून ओढतात आणि वरचा पदर जागीच राहतो, टाके एकावर एक पडतात. फूट आणि रेग्झिनच्या मधे वर्तमानपत्राची पट्टी घातली तर सुरळीत चाललं, शिवून झाल्यावर कागद टाक्याच्या रेघेवर आपोआप फाटतो आणि निघतो. टाचण्या रेग्झिनला चालत नाहीत, एकदा पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. टाकाही लांब ठेवायचा, साडेतीन-चार मिलिमीटर, कारण बारीक टाके घातले तर भोकं इतकी जवळ येतात की रेग्झिन त्याच रेघेवर टरकतं.

मधेच लाइट गेली. जुकी बंद, ओव्हरलॉक बंद, आणि दोन्ही पायडलच्या मशीन चालूच. हॉलमध्ये सगळे घामाघूम पण त्या दोन मशीनवर काम थांबलं नाही.

८ जून

आज वेळ मिळाली नाही आणि ते योग्यच आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, युनिफॉर्मच्या ऑर्डरी आता अंगावर आल्यात, ज्या ताईंचं घर यावर चालतं त्या सकाळी सातपासून रांगेत. रजिस्टरमध्ये आधी नाव लिहील त्याची वेळ, असा नियम होता. मी आणि कॉलेजच्या मुलींनी मिळून काकूंना सांगितलं की जूनभर कमाईचं काम करणाऱ्यांना जुकी आणि ओव्हरलॉक आधी द्या, हौसेवाले आम्ही पायडलवर, तेही रिकामी असेल तेव्हा. काहींना वाटलं वर्गणी सगळ्यांची सारखी आहे तर हक्कही सारखा. माझं मत पक्कं आहे, माझं कव्हर आठ दिवस उशिरा झालं तर काही बिघडत नाही, त्यांची ऑर्डर आठ दिवस उशिरा झाली तर गिऱ्हाईक जातं. शेवटी जूनपुरतं तसं ठरलं.

तुकडा ठेवायची पद्धत या गर्दीत खरी कामाला आली. निळ्या पँटचं जाड टेरीकॉट आणि पांढऱ्या शर्टाचं पातळ कापड एकाच मशीनवर आलटूनपालटून चालू आहे, बसणारी प्रत्येक जण आधी तुकडा उलटते, सुई बघते, मग कापड घालते. मशीनवाले भाऊ महिन्याच्या सर्व्हिसला आले होते, तेही म्हणाले की यंदा टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, बिघडल्याची एकही तक्रार नाही.

१५ जून

वरचा तुकडा आणि पट्टा जोडला. आधी जुकीवरच करावं असं मनात होतं, ती मोकळी नव्हतीच, आणि काकूंनी तसंही सांगितलं की ती मध्यम कापडासाठी बसवलेली आहे, इतके पदर तिच्यावर नको. काळ्या मशीनवर १८ ची सुई, जाड दोरा, वरचं टेन्शन थोडं ढिलं, टाका लांब. तुकड्यावर ओळ, उलटून बघितली, बरोबर.

कोपऱ्यांचं गणित असं की वरचा तुकडा चौकोनी आणि पट्टा सरळ, तर कोपऱ्यावर पट्ट्याला वळता आलं पाहिजे. म्हणून खडूच्या खुणेवर पट्ट्याच्या कडेला अर्ध्या इंचापेक्षा जरा कमी काप दिला. कोपऱ्यापासून अर्धा इंच आधी सुई खाली ठेवून थांबायचं, फूट वर, काप उघडून पट्टा पुढच्या बाजूला सरळ लावायचा, फूट खाली, पुढे. मार्चमधले कागदावरचे चौकोन इथे कामाला आले.

उभी शिवण जिथे वरच्या तुकड्याला भेटते तिथे पदरांचा उंचवटा होतो, फूट तिरका होऊन मागे घसरतो आणि टाका जागीच पडतो. त्यावर उपाय, फूटच्या मागच्या बाजूखाली कॅनव्हासची तेवढ्याच जाडीची घडी सरकवायची म्हणजे फूट सपाट होतो, आणि तेवढे टाके पाय काढून नुसते चाकाने घालायचे. एकेक टाका हातात जाणवत होता. इतक्या जाड कामाला पायडलची मशीनच मला जास्त पटली, मोटर असती तर तिथे सुई मोडली असती.

खालची कड दोनदा दुमडून शिवली, चारी कोपऱ्यांना आयलेट, म्हणजे भोकाची धातूची कडी, ठोकून घेतले दोरी बांधायला. वरच्या शिवणीवर बाहेरून मेणबत्ती घासली, मेण टाक्यांच्या भोकात बसतं.

२२ जून

काल रात्री पहिला जोराचा पाऊस, तासभर. कूलर त्याआधीच रिकामा करून, टाकी कोरडी करून, गवताच्या जाळ्या काढून, कव्हर चढवलं होतं. सकाळी दोरी सोडून आत हात घातला. वरची बाजू पूर्ण कोरडी. उभ्या शिवणीला खाली वीतभर ओल, तिथे मेण लावलेलं नव्हतं, आज लावलं. कॅनव्हास भिजून जड झालं होतं पण त्यातून पाणी आत आलेलं नाही, सुती दोरा भिजून फुगतो आणि वीण घट्ट होते म्हणून.

शेजारच्या काकांना तसंच हवंय, त्यांचा कूलर मोठा आहे, माप घेऊन आलो. त्यांना सांगितलं की मी शिवून देणार नाही, सोबत चला, तुम्हीच शिवा, मी बाजूला बसतो. हो म्हणाले.

स्टुडिओत घ्यायचं सामान: १८ च्या सुया एक पाकीट, मशीन तेल, पायडलचा पट्टा ढिला झालाय त्यासाठी क्लिप. युनिफॉर्मची गर्दी ओसरली की ओव्हरलॉकचं थ्रेडिंग शिकायचं आहे, काकूंनी ५ जुलैला सकाळी आठची वेळ लिहून ठेवली आहे, आणि तोपर्यंत उरलेल्या कॅनव्हासची पिशवी कापून ठेवायची आहे.